किनाऱ्याचा रस्ता समुद्रापासून दूर का जातो?

बंगळूर शहराच्या उत्तरेस असलेले देवनहळ्ळी आज देशभर ओळखले जाते ते विमानतळामुळे. मे २००८ मध्ये येथून विमानोड्डाणे सुरू झाली आणि टिपू सुलतानाचे जन्मस्थान, १५०१ साली बांधलेला किल्ला आणि पपनसाच्या बागा एवढीच ओळख असलेले हे गाव महानगराचे प्रवेशद्वार बनले. या परिसरात नोकरीनिमित्त आलेल्या तरुणांत मराठी भाषकही आहेत. सलग तीन-चार सुट्ट्या लागल्या की मित्रांनी एक मोटार ठरवायची, घाट उतरून समुद्र गाठायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यावरून कोकणात आपल्या गावी जायचे, हा बेत त्यांच्यात नेहमी रंगतो.

नकाशावर हा प्रवास सोपा दिसतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे सह्याद्री आणि मधून जाणारा रस्ता. प्रत्यक्षात मात्र प्रवाशाचा गोंधळ होतो. कारवारला खिडकीतून दिसणारा समुद्र गोव्याची हद्द ओलांडल्यावर नाहीसा होतो आणि पुढे शेकडो किलोमीटर दिसत नाही. ज्याला आपण किनाऱ्याचा महामार्ग म्हणतो, तो महाराष्ट्रात समुद्रापासून इतका दूर का जातो? या प्रश्नाच्या उत्तरात या किनाऱ्याची घडण, त्याचा इतिहास आणि तेथील धोके या तिन्ही गोष्टी दडलेल्या आहेत.

पठारावरून किनाऱ्याकडे

देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हा तलावांचा मुलूख आहे. बारमाही मोठी नदी येथे नाही. दोड्डबळ्ळापूर, दाबसपेट या मार्गाने बंगळूर शहरात न शिरता तुमकूरच्या रस्त्याला लागता येते. तेथून अर्सिकेरे, कडूर, शिमोगा, सागर असा पठारावरचा प्रवास करून जोगला पोहोचले की शरावती नदी भेटते. जुन्या मराठी पुस्तकांत गिरसप्पा म्हणून ज्या धबधब्याचे वर्णन येते तो हाच. येथे नदी सुमारे २५३ मीटर खाली कोसळते. रस्ताही घाटाने खाली उतरतो आणि मिऱ्याच्या व्यापारासाठी एके काळी पोर्तुगीजांनाही परिचित असलेल्या गेरसप्प्यावरून होन्नावरला समुद्राशी येतो.

हा उतार लक्षात ठेवण्यासारखा आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्यांना समुद्र गाठण्यासाठी फार थोडे अंतर मिळते. पाऊस प्रचंड, उतार तीव्र आणि वाट आखूड, यामुळे त्यांनी खोल दऱ्या कोरल्या. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. हिम वितळले, पातळी चढली आणि या दऱ्यांच्या मुखांत समुद्र शिरला. आपण ज्यांना खाड्या म्हणतो, त्या बहुतांशी बुडालेल्या दऱ्या आहेत. रस्ता बांधणाऱ्यासमोरचा मुख्य प्रश्न डोंगरापेक्षा या खाड्यांचाच असतो.

एक महामार्ग, तीन तऱ्हा

होन्नावरला भेटणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर जाणाऱ्या या मार्गाचा मोठा भाग पूर्वी महामार्ग १७ म्हणून ओळखला जात असे. आजही कोकणात अनेकांच्या तोंडी जुनाच क्रमांक असतो.

होन्नावर ते कारवार हे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. एवढ्या टप्प्यात शरावती, अघनाशिनी, गंगावळी आणि काळी अशा चार नद्या समुद्राला मिळतात. या भागात सह्याद्रीचे फाटे थेट पाण्यापर्यंत येतात. सपाट जमीन अरुंद असल्यामुळे रस्त्याला समुद्रालगत जाण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही. म्हणूनच कारवारच्या आसपास एका बाजूला डोंगराचा कातळ आणि दुसऱ्या बाजूला लाटा असे दृश्य दिसते. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. मराठीत त्याला आजही कारवार जिल्हा म्हणतात आणि येथील बाजारात कन्नडच्या बरोबरीने कोकणी व मराठी ऐकू येते.

गोव्यात चित्र बदलते. मांडवी आणि झुआरी या रुंद नद्यांच्या मुखाशीच राज्याचे व्यवहार केंद्रित झाले असल्याने येथे रस्त्याने नद्या टाळल्या नाहीत; पुलांनी ओलांडल्या. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा राजधानीचा उत्तरेशी असलेला संपर्क पुन्हा फेरीबोटींवर आला होता. २०१९ मध्ये मांडवीवर तिसरा मोठा पूल खुला झाला, त्याच वर्षी काणकोणचा वळणरस्ता झाला आणि झुआरीवरील नवा पूल डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने वापरात आला.

महाराष्ट्रात किनारा आणि सह्याद्री यांच्यामध्ये साधारण पन्नास किलोमीटर रुंदीची पट्टी आहे. खाड्या या पट्टीत खोलवर शिरतात आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सडे समुद्रात घुसलेले असतात. किनाऱ्याने रस्ता काढायचा तर प्रत्येक खाडीच्या मुखाशी लांबलचक पूल बांधावा लागला असता. त्यापेक्षा आत जाऊन, जेथे नदी अरुंद होते तेथे छोटा पूल बांधणे स्वस्त होते. महामार्गाने तोच मार्ग धरला. समुद्र दिसेनासा होण्याचे कारण हे आहे.

आगबोटींनी वसवलेली गावे

महामार्गावरील महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावे पाहिली तर एक साम्य आढळते. यातील प्रत्येक गाव एखाद्या नदीवर अशा ठिकाणी किंवा त्याच्या आसपास वसले आहे, जेथपर्यंत भरतीचे पाणी पोहोचते. गलबते भरतीबरोबर आत येत, माल उतरवीत आणि ओहोटीबरोबर परतत. तेथून पुढे बैलांच्या पाठीवरून माल घाट चढून देशावर जाई. राजापूरला १७व्या शतकात इंग्रजांची वखार होती, यावरून या अंतर्भागातील बंदरांचे महत्त्व कळते. जहाज जेथे थांबे तेथे बाजार वसला, नदी जेथे अरुंद होई तेथे पुढे पूल झाला आणि पुलाच्या मागोमाग महामार्ग आला. आजची ही छोटी शहरे म्हणजे एक प्रकारे जुन्या जलमार्गांची शेवटची स्थानके आहेत.

याची किंमतही त्यांना मोजावी लागते. डोंगरातून येणारा पूर आणि समुद्रातून येणारी भरती यांची गाठ नेमकी येथे पडते. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पुराचे पाणी ओसरण्यास वाव राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा संपूर्ण राज्याने हे पाहिले.

दुसरीकडे किनाऱ्यावरची गावे दीर्घकाळ समुद्रमार्गेच मुंबईशी जोडलेली होती. आगबोट हेच त्यांचे वाहन होते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, ती आठवण कोकणातील जुन्या घरांत अद्याप आहे. पुढे रस्ते झाले, एसटी आली, १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आगबोटींची सेवा इतिहासजमा झाली. परंतु रस्ता आणि रेल्वे दोन्ही आतल्या बाजूने गेल्यामुळे, जी बंदरे एके काळी मुंबईला सर्वांत जवळची होती तीच सर्वांत दूरची झाली. आज ज्यांना पर्यटक अस्पर्श, निर्जन किनारे म्हणतात, त्यांपैकी कित्येक असे मागे पडलेले किनारे आहेत.

पूल, दरडी आणि पावसाळा

अरुंद पट्टीतून डोंगर कापून काढलेला रस्ता पावसाळ्यात किती नाजूक ठरतो, हे अलीकडच्या काही घटनांनी दाखवून दिले. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गावर डोंगर खचला. रस्त्याकडेचे चहाचे दुकान आणि थांबलेली वाहने दरडीबरोबर गंगावळी नदीत गेली. नदीच्या तळाशी गेलेला एक मालट्रक बाहेर काढण्यास ७१ दिवस लागले. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर, कारवार आणि सदाशिवगड यांना जोडणारा काळी नदीवरील चार दशकांचा जुना पूल कोसळला. पुलावरून जाणारा मालट्रक नदीत पडला. चालकाला वाचविण्यात यश आले.

महाराष्ट्रात महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. त्यात एसटीच्या दोन गाड्यांसह अन्य वाहनेही गेली आणि अनेकांचे प्राण गेले. शेजारी नवा पूल पुढच्या पावसाळ्यापूर्वी उभा राहिला.

या तिन्ही घटना जुलै-ऑगस्टमधील आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पाऊस पाहण्यासाठी याच दिवसांत किनाऱ्यावर जाण्याची इच्छा होते. त्या काळात प्रवास करावयाचा असल्यास घाट आणि डोंगरकपारीचा रस्ता दिवसाउजेडी पार करावा. कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी वाहन उभे करून चहा घेण्याचा मोह टाळावा. वरून लहान दगड किंवा गढूळ पाण्याचा ओघळ रस्त्यावर येत असेल तर ती दरडीची पूर्वसूचना असू शकते.

फेरीबोट आणि सागरी महामार्ग

किनाऱ्यालगतच जायचे ठरवले, तर गोव्यात केरी येथून तेरेखोल नदी फेरीबोटीने ओलांडून पलीकडच्या किल्ल्याशी आणि पुढे महाराष्ट्रात रेडीला जाता येते. तेथून मिठाच्या सत्याग्रहामुळे १९३० साली गाजलेले शिरोडे, वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, गणपतीपुळे असा प्रवास करता येतो. त्यापुढे मात्र पुन्हा खाड्या आडव्या येतात. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, बाणकोट खाडी आणि दिघी ते आगरदांडा येथे वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटींचा आधार घ्यावा लागतो. दाभोळची खाडी बोटीने काही मिनिटांत पार होते. तीच रस्त्याने टाळायची तर आत चिपळूणच्या बाजूने काही तासांचा वळसा पडतो.

या खाड्यांवर पूल बांधून रेवसपासून रेडीपर्यंत सलग रस्ता करावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८०च्या दशकाच्या आरंभी मांडली गेली. सुमारे ५०० किलोमीटरच्या या सागरी महामार्गाचे अनेक तुकडे झाले, काही खाड्यांवर पूल झाले, परंतु मोठ्या खाड्या राहिल्या. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊन अर्ध्यावर थांबले आणि पाण्यात उभे असलेले त्याचे खांब वर्षानुवर्षे प्रवाशांना दिसत राहिले. अलीकडच्या वर्षांत राज्य रस्ते विकास महामंडळाने धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड आदी खाड्यांवरील पुलांची कामे नव्याने हाती घेतली आहेत.

पुलांचा प्रश्न पर्यटकाच्या सोयीपुरता नाही. रात्री फेरीबोट बंद झाल्यावर पलीकडच्या गावातील रुग्णाला रुग्णालयात नेणे, आंब्याच्या पेट्या वेळेत बाजारात पोहोचविणे, कनिष्ठ महाविद्यालयासाठी रोज खाडी ओलांडणे हे तेथील लोकांचे प्रश्न आहेत. त्यांना पूल हवा आहे. त्याच वेळी पूल झाल्यावर जमिनीचे भाव, किनाऱ्यावरील बांधकामे, वाहनांची गर्दी आणि कचरा हेही येणार, याची जाणीव त्यांना आहे. आजवर खाड्यांनी या किनाऱ्याला अडचणीत ठेवले आणि राखलेही. ती राखण आता माणसांना करावी लागेल.

किनारा किती लांब?

अनेक वर्षे भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किलोमीटर अशी पाठ्यपुस्तकांत दिली जात असे. नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर भरली. गोव्याचा किनारा १०१ वरून सुमारे १९४ किलोमीटर झाला. जमीन वाढलेली नाही. मोजण्याची पट्टी बारीक झाली. स्थूल नकाशावर सरळ रेषेने ओलांडलेली प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजले की लांबी वाढत जाते.

किनाऱ्याने मोटार हाकणाऱ्यास हाच अनुभव येतो. नकाशावर बोटाने मोजलेले तीस किलोमीटर प्रत्यक्षात साठ होतात आणि त्यात फेरीबोटीची प्रतीक्षा मिळवावी लागते. मित्रांच्या गटाने बेत आखताना किनारी रस्त्यावर दिवसाला दीडशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर धरू नये, हे बरे. वेळ कमी पडला की रात्री घाईने वाहन हाकले जाते आणि अपघाताचा धोका तेथे वाढतो.

तिथी आणि भरती

पठारावरून येणाऱ्या माणसाला तलाव ठाऊक असतो, समुद्र नसतो. तलावाचा काठ सकाळी असतो तेथेच सायंकाळी असतो. समुद्राचा नसतो. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती सर्वांत लहान असते, त्याला भांग म्हणतात.

मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, जे तास येतील त्या सुमारास पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी आणि सायंकाळी सहाच्या सुमारास भरती व दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. हा केवळ अंदाज आहे, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहावी. परंतु कालनिर्णय घरात असलेल्या कोणासही हा हिशेब जमू शकतो.

उत्तरेकडे जावे तशी भरती-ओहोटीतील उंचीची तफावत वाढते. कारवारला उधाणाच्या वेळी ती सुमारे दोन मीटर असते, मुंबईकडे चार मीटरपेक्षा अधिक होते. त्यामुळे कारवारच्या वाळूवर घेतलेला अंदाज रायगडच्या किनाऱ्यावर फसतो. ओहोटीच्या वेळी वाळूवर उतरवलेली मोटार परतताना पाण्यात सापडते, ती याच कारणाने. गोव्यात वाळूवर वाहन नेण्यास बंदीच आहे. इतरत्रही ते नेऊ नये; कारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालतात. गोव्यातील गालजीबाग आणि रत्नागिरीतील वेळास ही त्यांची परिचित ठिकाणे आहेत. वेळासला २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने या घरट्यांचे रक्षण होत आले आहे.

समुद्राची ओढ

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १० डिसेंबर २०२४ रोजी मुरुडेश्वर येथे शालेय सहलीतील चार मुलींचा मृत्यू झाला. त्या कोलार जिल्ह्यातून, म्हणजे देवनहळ्ळीच्या शेजारच्याच पठारी मुलखातून आल्या होत्या. दोन्ही वेळा पावसाळा नव्हता.

किनाऱ्यावर येणाऱ्या लाटांचे पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते. पाण्याखालील वाळूत जेथे सखल जागा असते तेथून ते अरुंद पट्ट्यात वेगाने समुद्राकडे जाते. ही ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेते. फसवे असे की, या पट्ट्यात लाटा कमी फुटत असल्याने तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करू नये, त्यात दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हावे. बुडणाऱ्याला वाचविण्यासाठी मित्रांनी एकामागून एक पाण्यात उडी घेऊ नये. दोरी, रिकामा पाण्याचा मोठा डबा, मोटारीचे जादा चाक असे तरंगणारे काहीही फेकावे आणि कोळी बांधवांना हाक द्यावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे.

खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरणे सर्वांत धोक्याचे. खाडीत भरलेले पाणी त्या वेळी एकाच अरुंद दारातून बाहेर पडत असते.

निर्जन किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, सूचनाफलक नसतो, बरेचदा मोबाइलही चालत नाही. तेथे ठाऊक असते ते फक्त गावकऱ्याला. म्हणून पाण्यात पाय ठेवण्यापूर्वी एखाद्या स्थानिक माणसाला विचारावे आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नये. मित्रांच्या गटात धाडस एकमेकांना पाहून वाढते. त्यामुळे निघण्यापूर्वीच एकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार द्यावा आणि त्याचे ऐकावे.

देवनहळ्ळीहून निघालेली मोटार चार दिवसांनी रत्नागिरीत पोहोचते, तोवर तिने तलावांचा मुलूख, धबधब्याची कडा, चार नद्यांची मुखे, तीन राज्ये आणि अनेक खाड्या ओलांडलेल्या असतात. महामार्ग समुद्रापासून का दूर जातो हे एकदा उमगले की वाटेतील वळसा त्रासदायक वाटत नाही. रात्रीची शेवटची फेरीबोट चुकली, तर अलीकडच्या गावात मुक्काम करावा. या किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरतीची वाट पाहत आली आहेत. पाहुण्यानेही एक रात्र थांबण्यास हरकत नाही.